जात्यापासून आखाड्यापर्यंत

अमरावतीत १९१४ साली अंबादासपंत आणि अनंतराव या वैद्य बंधूंनी व्यायामाचं काम सुरू केलं. आजचं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ त्यातूनच वाढलं. १९३६ मध्ये तिथल्या चमूनं बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डी खेळून दाखवली. वऱ्हाडातल्या बायांचं अंग मात्र जात्यावर, मुसळावर आणि भुलाबाईच्या सणातल्या फुगड्यांत घडलं. अकोल्याची माझी आजी दळायची तेव्हा लेकरू तिच्या पायावर झोपायचं, शेजारीण समोर बसून खुंट्याला हात लावायची. आखाडा काय, जातं काय, दोन्ही टिकली ती ठरलेल्या वेळेवर आणि सोबतीवर. म्हणून मीही मैत्रिणीसोबत पहाटे सूर्यनमस्कार घालते. लेकरं आम्ही आळीपाळीनं सांभाळतो. आईच्या व्यायामाचा भार तिच्या एकटीच्या निश्चयावर टाकू नका, तिला सोबत द्या.