हेड गॅस्केट आणि सीलंट स्प्रे

इंजिनचा सिलिंडर ब्लॉक आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये बसणारे हेड गॅस्केट ज्वलनाचा दाब, कूलंट आणि ऑइल यांना आपापल्या मार्गात ठेवते. ते उडाले की एक्झॉस्टमधून पांढरा धूर येऊ लागतो, ऑइल दुधाळ होते, इंजिन तापते. गॅस्केटची किंमत फारशी नसते. खर्च येतो तो हेड उतरविण्याच्या मजुरीचा. त्यामुळेच 'खात्रीसाठी' नव्या गॅस्केटवर तांब्याचे कण असलेला सीलंट स्प्रे मारला जातो. तांब्याच्या किंवा जुन्या धाटणीच्या संमिश्र गॅस्केटला त्याचा पातळ थर उपयोगी पडतो. पृष्ठभागावरील बारीक ओरखडे त्याने भरून निघतात. मात्र, पोलादी पत्र्यांचे अनेक थर असलेल्या आधुनिक गॅस्केटला रबरासारखा लेप कारखान्यातच दिलेला असतो. ते कोरडेच बसवावे, अशी उत्पादकांची सर्वसाधारण सूचना असते. सिलिकॉनचा तर मोहच नको. दाबाने बाहेर आलेला लगदा ऑइलच्या वाटा बुजवू शकतो.

वाकलेले हेड कोणत्याही स्प्रेने सरळ होत नाही. सरळपट्टी व फिलर गेजने ते तपासून गरजेनुसार फेसिंग करून घ्यावे लागते. बोल्टची छिद्रेही कोरडी हवीत. आत साचलेल्या ऑइल वा पाण्यावर बोल्ट आवळल्यास ब्लॉकला तडा जाऊ शकतो.