पाठीमागची भिंत : वेरूळ-अजिंठ्याचे छायाचित्रण आणि रुंद कोनाची लेन्स

छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) जिल्ह्यातील वेरूळ आणि अजिंठा येथील लेण्यांचे छायाचित्रण पहिल्यापासून दोन टंचायांशी झगडत आले आहे. एक उजेडाची आणि दुसरी जागेची. उजेड कमी आहे हे आत पाऊल टाकताच कळते. जागा कमी आहे हे मात्र कॅमेरा डोळ्याला लावल्यावरच ध्यानात येते. बांधलेल्या इमारतीपासून हवे तेवढे दूर जाता येते. कातळात कोरलेल्या पोकळीत मागे सरकणाऱ्याची पाठ चार पावलांत भिंतीला टेकते. शहरालगतच्या बीबी का मकबऱ्याशी तुलना केली की हा फरक स्पष्ट होतो. मकबऱ्याचे आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे, त्यामुळे कोणत्याही साध्या कॅमेऱ्यात ती सबंध इमारत मावते. लेण्यात मात्र कोणती लेन्स लावायची हे छायाचित्रकाराच्या पाठीमागची भिंत ठरवते.

कोन आणि अंतर

लेन्सची फोकल लेंथ जितकी कमी, तितका तिच्या नजरेत मावणारा कोन मोठा. ३५ मिमी रोलवरची चौकट ३६ मिमी रुंद आणि २४ मिमी उंच असते. या चौकटीसाठी ५० मिमीची लेन्स नेहमीची मानली जाते. तिचा आडवा कोन सुमारे ४० अंश भरतो. २८ मिमीच्या लेन्सचा कोन ६५ अंश, २१ मिमीचा ८१ अंश आणि १५ मिमीचा १०० अंश होतो. साधारणपणे २४ मिमीपेक्षा कमी फोकल लेंथच्या लेन्सला अल्ट्रा-वाइड म्हणतात.

अजिंठ्याच्या २६ क्रमांकाच्या चैत्यगृहात या आकड्यांचा अर्थ डोळ्यांसमोर उभा राहतो. तिथे डाव्या बाजूच्या भिंतीवर महापरिनिर्वाणाचे शिल्प आहे. पहुडलेल्या बुद्धाची ही मूर्ती सुमारे ७ मीटर लांब असून तिच्यासमोर अरुंद पडवी आणि मग खांबांची रांग आहे. सबंध मूर्ती चौकटीत घेण्यासाठी ५० मिमीच्या लेन्सला जवळजवळ १० मीटर मागे जावे लागते. म्हणजे खांबांची रांग ओलांडून थेट मधल्या दालनात यावे लागते आणि मूर्तीवर खांब आडवे येतात. २८ मिमीला साडेपाच मीटर अंतर लागते, २१ मिमीला चार आणि १५ मिमीला तीन मीटरही पुरतात. लेन्स जितकी रुंद, तितके खांब मूर्तीपुढून बाजूला होतात.

वेरूळच्या कैलास लेण्यात अडचण उंचीची आहे. १६ क्रमांकाच्या या लेण्याचे प्रांगण सुमारे ८४ मीटर लांब व ४७ मीटर रुंद असून मागचा तासलेला कडा ३३ मीटरांपर्यंत चढतो. मधोमध उभे असलेले मंदिर जवळपास २९ मीटर उंच आहे आणि जिथे ते सर्वांत रुंद आहे तिथे दोन्ही बाजूंना जेमतेम सात मीटर मोकळी जागा उरते. तिथे उभे राहून २१ मिमीची लेन्स उभी आणि सरळ धरली, तरी मंदिराची खालची सात-आठ मीटर उंचीच चौकटीत येते. शिखर टिपायचे तर कॅमेरा वर कलवावा लागतो, आणि कलवला की उभ्या रेषा वर एकमेकींकडे झुकतात, मंदिर मागे कलल्यासारखे दिसते. म्हणून कैलासाची गाजलेली छायाचित्रे प्रांगणातून घेतलेली नसून वरच्या डोंगराच्या कडेवरून घेतलेली आहेत.

गिल यांचा कॅमेरा

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातील जॉन स्मिथ या अधिकाऱ्याच्या दृष्टीस अजिंठ्याची लेणी पडली. त्यानंतर पंचवीस वर्षांनी, १८४४ मध्ये, त्याच लष्करातील रॉबर्ट गिल यांना तेथील चित्रांच्या नकला तैलरंगात करण्यासाठी नेमण्यात आले. अजिंठा गावातील बारादरीत त्यांचा मुक्काम असे. पुढे ते कॅमेऱ्याकडे वळले आणि दोन लेन्सचा स्टिरिओ कॅमेरा वापरू लागले. दोन डोळ्यांच्या अंतरावरून घेतलेली दोन छायाचित्रे विशिष्ट दुर्बिणीतून पाहिली की दृश्याला खोली येते. खांबांमागे खांब आणि त्यांच्याही मागे गाभारा अशी रचना असलेल्या लेण्यांना ही पद्धत मानवणारी होती.

त्या काळी ओल्या कलोडियनची पद्धत रूढ होती. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी ती १८५१ मध्ये प्रसिद्ध केली. काचेवर कलोडियनचा थर द्यायचा, ती चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात घालायची आणि थर सुकण्याआधी धुवून काढायची, असा तो सगळा खटाटोप. त्यामुळे काळोखी तंबू, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी हे सगळे लेण्याच्या दाराशीच हवे. अजिंठ्यात वाघोरा नदी पायथ्याशी असली तरी पाणी वर चढवावे लागे. उन्हाळ्यात थर लवकर सुके आणि अंधाऱ्या दालनात तर मिनिटांचे एक्स्पोजर द्यावे लागे. एका बाजूने उजेड वेळ मागे, दुसऱ्या बाजूने काच तो देत नसे.

१८६४ मध्ये गिल यांची दोन पुस्तके लंडनमध्ये निघाली. भारतातील शैलमंदिरांवरच्या पहिल्या पुस्तकात ७४ छायाचित्रे होती आणि दुसऱ्यात पश्चिम भारतातील वास्तू व निसर्गाची १०० स्टिरिओ छायाचित्रे. दोन्हींतला मजकूर जेम्स फर्ग्युसन यांचा होता. दोनच वर्षांनी, डिसेंबर १८६६ मध्ये, लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसला आग लागून गिल यांनी वर्षानुवर्षे खपून केलेल्या बहुतेक तैलनकला भस्मसात झाल्या. छायाचित्रे मात्र पुस्तकांच्या प्रतींमधून टिकली. १८७९ मध्ये गिल यांचे निधन झाले. त्यांची कबर भुसावळला आहे.

रुंद नजरेचा शोध

गिल यांच्या काळातील लेन्सची नजर अरुंद होती. १८४० मधील पेट्झवाल लेन्स उजेड भरपूर घेई, पण तिची खरी तीक्ष्णता मधल्या भागापुरतीच असे. माणसाच्या चेहऱ्याला ती छान, लेण्याच्या दालनाला अपुरी. रुंद कोनाचे प्रयत्न युरोप-अमेरिकेत त्याच सुमारास चालू होते. १८५९ मध्ये थॉमस सटन यांनी काचेच्या दोन कवचांमध्ये पाणी भरलेली गोल लेन्स तयार केली. तिच्यासाठी वाकवलेली काच वापरावी लागे. १९०० मध्ये जर्मनीतील गोअर्झ कंपनीच्या हायपरगॉन लेन्सने १३० अंशांच्याही पुढे मजल मारली.

रुंद नजरेची एक किंमत मात्र कुठल्याच कारागिराला चुकवता आली नाही. मध्यापासून जसजसे कडेला जावे, तसतसा साध्या रचनेच्या लेन्समध्ये उजेड झपाट्याने घटतो. ४५ अंशांवर तो मध्याच्या एक चतुर्थांशच उरतो. हायपरगॉनमध्ये यावर मोठा गमतीदार तोडगा होता. लेन्सच्या पुढ्यात ताऱ्याच्या आकाराची एक लहान चकती असे. रबरी फुग्याने वारा घालून ती फिरवायची, म्हणजे मधला जादा उजेड अडे. मग चकती बाजूला करून उरलेले एक्स्पोजर पुरे करायचे. कडा काळवंडण्याची ही खोड पुढच्या काळातील अल्ट्रा-वाइड लेन्समध्येही कमी-अधिक प्रमाणात राहिली.

निजामाच्या राज्यात

१९४८ पर्यंत औरंगाबाद जिल्हा हैदराबाद संस्थानात होता, त्यामुळे लेण्यांच्या छायाचित्रणाला दरबारी आश्रय मिळाला. सहावे निजाम महबूब अली खान यांचे दरबारी छायाचित्रकार लाला दीनदयाळ (१८४४-१९०५) यांनी संस्थानातील वास्तूंची मोठी चित्रमालिका केली. त्यांच्या काळात सुक्या प्लेटा बाजारात आल्या होत्या. काच आधीच तयार करून आणायची आणि परतल्यावर सावकाश धुवायची, इतकी मोकळीक मिळाली आणि काळोखी तंबू मागे पडला. १९०० च्या सुमारास मनमाड-हैदराबाद रेल्वे औरंगाबादवरून धावू लागली, तेव्हा जड कॅमेरे आणि काचेच्या पेट्या आणणेही सोपे झाले.

विसाव्या शतकात भर चित्रांच्या रंगावर आला. हैदराबाद संस्थानच्या पुरातत्त्व खात्याचे संचालक गुलाम याझदानी यांनी अजिंठ्यावरचा चार भागांचा ग्रंथ १९३० ते १९५५ या काळात सिद्ध केला. त्यातील चित्रांच्या नकला छायाचित्रणावर आधारलेल्या आहेत हे ग्रंथाच्या नावातच सांगितले होते. चित्रकाराच्या हाताऐवजी कॅमेऱ्याचा पुरावा ग्राह्य धरला जाऊ लागला, याची ती खूण होती.

काचेकडून रोलकडे

१९२५ मध्ये लायका कॅमेरा बाजारात आला आणि सिनेमाच्या फिल्मवर फोटो काढण्याची रीत रुजली. या लहान चौकटीसाठी १९५४ मध्ये झाइस कंपनीने २१ मिमीची बायोगॉन लेन्स आणली. तिची रचना लुडविग बेर्टेले यांची. कर्णाच्या मापाने ती सुमारे ९० अंश पाही, आणि सरळ रेषा सरळच ठेवी. खांबांच्या रांगा टिपणाऱ्याला हाच गुण हवा असतो. त्याच वर्षी मोठ्या रोलसाठी ३८ मिमीची बायोगॉन कायमची बसवलेला हॅसलब्लाडचा सुपर वाइड कॅमेरा निघाला. १९६९ च्या सुमारास झाइसने १५ मिमीचा हॉलॉगॉन कॅमेरा आणला. त्याचे अ‍ॅपर्चर एफ/८ वर पक्के होते, म्हणजे अंधारात तो जवळजवळ निरुपयोगी.

महाराष्ट्रातील सहलींवर जाणाऱ्या कुटुंबांच्या हाती यांपैकी काहीच नव्हते. १९६० नंतरच्या काळात घराघरांत दिसे तो बडोद्यात तयार होणारा आग्फा क्लिक थ्री. त्याची चौकट चौरस आणि नजर सुमारे ४२ अंशांची. त्यामुळे कौटुंबिक अल्बममध्ये लेण्यांचे अंतरंग सहसा सापडत नाही. सापडतो तो कैलासाच्या प्रांगणातला दगडी हत्ती, त्याच्यासमोर उन्हात उभी असलेली माणसे आणि मागे दगडाचा एक तुकडा.

खिशातला अल्ट्रा-वाइड

अल्ट्रा-वाइड लेन्स खिशात मावेल अशा कॅमेऱ्यात बसली ती रोलच्या जमान्याच्या शेवटाला. २००१ मध्ये रिकोहने जीआर२१ हा कॅमेरा काढला. त्यात २१ मिमीची एफ/३.५ लेन्स होती. २०११ मध्ये १७ मिमीचा लोमो एलसी-वाइड आला. दुसऱ्या टोकाला प्लॅस्टिकचे, बॅटरी न लागणारे स्वस्त कॅमेरे होते. व्हिव्हिटारचा अल्ट्रा वाइड अँड स्लिम हा त्यांतला प्रसिद्ध. २२ मिमीची लेन्स, एफ/११ चे पक्के अ‍ॅपर्चर आणि १/१२५ सेकंदाचा एकच शटर, एवढाच त्याचा संसार. याच मापाचा कॅमेरा रेटो कंपनीने २०२२ मध्ये पुन्हा बाजारात आणला. त्याचे वजन ७० ग्रॅमच्या आसपास आहे.

लेण्यांसाठी या दोन जातींतला फरक निर्णायक ठरतो. एफ/३.५ ची लेन्स एफ/११ पेक्षा सुमारे दहापट उजेड घेते, शिवाय रिकोहचा शटर गरजेनुसार मंदावतो. प्लॅस्टिकच्या कॅमेऱ्यात ४०० आयएसओचा रोल घातला, तरी त्याला ढगाळ दिवसाच्या मोकळ्या आकाशाइतका प्रकाश लागतो. कैलासाचे प्रांगण, अजिंठ्याच्या ओसऱ्या, लेण्यांची दर्शनी तोंडे येथे तो उत्तम चालतो. भर उन्हात एक्स्पोजर काही पट जास्त होते, पण निगेटिव्ह रोल ते सहज पचवतो. दालनात शिरताच मात्र निगेटिव्ह कोरी येते. अजिंठ्यात चित्रांच्या संरक्षणासाठी फ्लॅशला बंदी असल्याने तोही आधार नाही. वेरूळची लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे दुपारनंतर ऊन ओसरीतून आत सरकते. साध्या कॅमेऱ्याला दालनाचा पुढचा भाग मिळण्याची ती वेळ.

रुंद लेन्सला हात हलल्याचा त्रास कमी होतो, कारण दृश्य चौकटीत लहान उमटते आणि हादराही लहानच दिसतो. ५० मिमीला १/६० सेकंद लागत असेल, तर २१ मिमीला स्थिर हाताने १/१५ पर्यंत उतरता येते. बदल्यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. कॅमेरा जराही वर-खाली कलला तर खांब झुकतात. आणि कडेला आलेली गोल वस्तू ताणली जाऊन लंबगोल होते. म्हणून मूर्तीचा चेहरा चौकटीच्या कोपऱ्यात ठेवत नाहीत. वेरूळच्या १० क्रमांकाच्या ‘सुतार की झोपडी’त हे दोन्ही धडे एकदम मिळतात. समोर स्तूप आणि बसलेला बुद्ध, वर लाकडी वाशांची आठवण देणाऱ्या दगडी कमानी, दोन्ही अंगांना खांब. मध्यरेषेवर सरळ धरलेल्या २१ मिमीत हे सगळे ऐटीत बसते. एक पाऊल डावीकडे सरकले की एका बाजूचे खांब फुगतात आणि स्तूप दूर लहान होऊन बसतो.

त्रिपाईवर लांब एक्स्पोजर देण्याची जुनी रीतही संपलेली नाही. १९९० च्या दशकात बिनॉय बहल यांनी अजिंठ्याची चित्रे फ्लॅशशिवाय, मंद उजेडात टिपली. ती १९९८ मध्ये पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि अंधारात बुडालेले रंग जगासमोर आले. उजेडाची टंचाई अशी थांबून, वेळ देऊन भरून काढता येते. जागेच्या टंचाईवर थांबण्याचा उपाय नाही. तिथे लेन्सच बदलावी लागते. २६ क्रमांकाच्या लेण्यातील पडवी पाचव्या शतकात जेवढी अरुंद कोरली, तेवढीच आजही आहे.