नदीपलीकडचे अडुसष्ट

पूर्वेकडची पोस्टिंग आली की घरचे आधी नकाशा काढून बसतात. अरुणाचलचा चांगलांग जिल्हा दाखवायला मला बोट अगदी कागदाच्या कडेपर्यंत न्यावं लागलं होतं. आईने विचारलं, "याच्या पलीकडं काय?" म्हटलं, "ब्रह्मदेश." तिला तेवढ्यावरून मंडाले आठवलं, टिळक आठवले. रत्नागिरीच्या थिबा राजवाड्यामुळे आपल्याकडे बाकीच्या ब्रह्मदेशाचीही थोडी ओळख असते. पण आपल्या नव्या पोस्टिंगच्या दारात १९४२ साली काय घडलं होतं, हे मात्र मला तिथे जाईपर्यंत माहीत नव्हतं.

एप्रिलमधल्या एका रविवारी आमच्या कंपनीची नामदाफा राष्ट्रीय उद्यानाची सहल ठरली. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. बावीस जवान, एक थ्री टन, एक जिप्सी आणि लंगरातून बांधून घेतलेली पुरी-भाजी. सहलीचा सीनियर मी. मिआओ गावातून नोआ-डिहिंग नदीच्या काठाकाठाने पंचवीसेक किलोमीटर गेलं की देबान लागतं. तिथे वनखात्याचं विश्रामगृह उंचावर आहे. खाली नदी, आणि पलीकडे जे सुरू होतं ते थेट बर्फाच्या डोंगरापर्यंत जातं.

आकडे सांगतो, कारण जंगल केवढं आहे ते त्यांवरूनच कळतं. उद्यान १९८५ चौरस किलोमीटरचं. १९७२ मध्ये ते अभयारण्य झालं, १९८३ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि त्याच वर्षी व्याघ्र प्रकल्प. तळ समुद्रसपाटीपासून २०० मीटरवर, तर डाफा बुम हे शिखर ४५७१ मीटरवर. त्यामुळे खाली सदाहरित वर्षावन, वर बर्फ, आणि वाघ, बिबट्या, हिमबिबट्या, ढगाळ बिबट्या या चौघांची नोंद एकाच उद्यानात. १९८१ मध्ये इथे एक उडणारी खार सापडली, ती शास्त्राला नवीन निघाली. पुढे कितीतरी वर्षं जगात तिचा तो एकच नमुना होता.

आम्हाला यातलं काहीच दिसलं नाही. दिसल्या त्या जळवा. कोयनेच्या जंगलात मी जळवा पाहिल्या होत्या, पण इथल्या पानावर उभं राहून वाट बघतात. मोज्यांना तंबाखूचं पाणी लावून आलो होतो, तरी चार-पाच जणांच्या पोटऱ्या रंगल्याच. होलाँगची झाडं मान मागे टाकूनही संपत नव्हती. दूर कुठेतरी हुलॉक गिबन हाका देत होते. धनेश उडत गेला तेव्हा त्याच्या पंखांचा आवाज आधी आला, पक्षी नंतर दिसला.

जेवण झाल्यावर अकरा जणांनी पलीकडे हलदीबारीपर्यंत जाऊन येण्याची परवानगी मागितली. नावाडी म्हणाला, पाणी ठीक आहे. मी हो म्हटलं. वरच्या डोंगरावर ढग काळे दिसत होते. ते मी पाहिले होते. तरीही हो म्हटलं.

ते गेले आणि उरलेल्यांना मी १९४२ ची गोष्ट सांगायला बसलो. मिआओत पोहोचल्यापासून मी ती वाचून, विचारून गोळा केली होती.

८ मार्च १९४२ ला रंगून पडलं. ब्रह्मदेशात तेव्हा लाखो भारतीय होते: हमाल, कारकून, सावकार, रेल्वेचे नोकर, पलटणीतले शिपाई. जहाजं बंद झाली. विमानांत जागा मिळताना गोऱ्यांचा नंबर आधी लागतो, ही तक्रार तेव्हाच आपल्या पुढाऱ्यांनी जाहीरपणे केली होती. मग लोक चालत निघाले. अंदाजे पाच लाख माणसं डोंगर ओलांडून भारतात आली. वाटेत हजारो मेली, कुणी तापाने, कुणी हगवणीने, कुणी नुसत्या भुकेने. मे महिन्यात मिचिनाही पडलं, तेव्हा अगदी उत्तरेला अडकलेल्यांपुढे फार थोड्या वाटा उरल्या. बहुतेकांनी हुकाँग खोऱ्यातून पांगसाऊ खिंडीची वाट धरली. काही जण त्याहून वाईट वाटेला लागले, ती चौकान खिंडीची. खिंड सुमारे ८००० फुटांवर. ती उतरून आलं की हेच नामदाफाचं जंगल. वस्ती नाही, धान्य नाही, आणि पावसाळा सुरू झालेला.

उत्तरेकडून येणारी डाफा नदी नोआ-डिहिंगला मिळते. पाऊस लागला की ती पायी ओलांडता येत नाही. जूनच्या सुरुवातीला या प्रवाशांतले पुढचे काही जण कसेबसे आसामच्या बाजूला पोहोचले आणि मागचे डाफापाशी अडकल्याचा निरोप त्यांनी दिला. तो जाइल्स मॅक्रेल नावाच्या इंग्रजाच्या हाती पडला. पहिल्या महायुद्धात हा वैमानिक होता, आता आसामात चहाच्या व्यवसायात होता, पन्नाशी ओलांडलेला. त्याच्याकडे सैन्य नव्हतं. हत्ती होते आणि माहूत होते.

तो निघाला आणि शंभरेक मैल चिखल तुडवत ९ जूनला डाफावर पोहोचला. नदीतल्या एका बेटावर माणसं दिसली. अडुसष्ट सैनिक. अर्धी नदी ओलांडून बेटावर आले होते आणि पाणी चढल्यावर ना पुढे जाता येत होतं, ना मागे. माहुतांनी दिवसभर हत्ती पाण्यात घालून पाहिले. धार हत्तींनाही लोटत होती. अंधार पडला. बेटावरच्यांना मदत समोर दिसत होती आणि ती पोहोचत नव्हती. पहाटेच्या आधी पाणी थोडं उतरलं. हत्ती पुन्हा पाण्यात घातले, या वेळी पोहोचले, आणि अडुसष्टच्या अडुसष्ट जण अलीकडे आले.

गोष्ट इथे संपत नाही. मागून आणखी टोळ्या येत होत्या. मॅक्रेल तापाने आजारी पडला, परत गेला, बरा होऊन पुन्हा आला. भर पावसाळ्यात हे काम होणारं नाही, थांबा, असं वरून सांगण्यात आलं. तो थांबला नाही. सप्टेंबरपर्यंत शेवटची माणसं बाहेर आली. एकूण दोनशेच्या आसपास जीव वाचले. त्याला जॉर्ज मेडल मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण हत्तीच्या मानेवर बसून त्याला पुरात घालतो तो माहूत. हत्ती उलटला तर पहिला तोच जातो.

सातारकडचा एक नवा पोरगा ऐकत होता. त्याने विचारलं, "साहेब, बेटावरच्यांना रात्रभर काय वाटलं असंल?"

मी उत्तर देणार, तेवढ्यात नावाडी पळत वर आला. वरती पाऊस झाला होता. पाणी गढूळ झालं होतं आणि मघाशी कोरडे दिसणारे दगड बुडाले होते. पलीकडे आमची अकरा माणसं काठावर उभी होती. नावाडी म्हणाला, आता नाव घालणार नाही. मी त्याला आग्रह केला नाही. एक चूक झाली होती, दुसरी करायची नव्हती.

दोन तास आम्ही समोरासमोर उभे होतो. आवाज पोहोचत नव्हता, हातवारे करत होतो. मी दर दहा मिनिटांनी पलीकडची डोकी मोजत होतो. अकरा. पुन्हा अकरा. पूर्वेला साडेपाचला अंधारतं. पाचच्या सुमारास पाणी वीतभर उतरलं. नावाडी स्वतःहून उठला आणि तीन फेऱ्यांत सगळ्यांना घेऊन आला. त्याने जास्तीचे पैसे घेतले नाहीत. "पाणी उतरतंच," एवढंच म्हणाला.

परत आल्यावर मी कंपनी कमांडर साहेबांना सगळं जसंच्या तसं सांगितलं. बोलणी खाल्ली, ती खायलाच हवी होती.

देबानच्या बाजूने जाणारा रस्ता पुढे विजयनगरला जातो, मिआओपासून १५७ किलोमीटर. १९६१ मध्ये मेजर जनरल गुराया यांच्या नेतृत्वाखाली आसाम रायफल्सची मोहीम तिथवर पोहोचली. जनरलसाहेबांच्या मुलाचं नाव विजय, त्यावरून गावाचं नाव पडलं. पुढे आसाम रायफल्सचे निवृत्त जवान कुटुंबांसह तिथे वसवले गेले. कितीतरी वर्षं त्यांना मिआओला यायचं तर याच जंगलातून दिवसच्या दिवस चालावं लागे. म्हणजे या जंगलात सैनिक आले, अडकले, राहिलेसुद्धा.

त्या पोराचा प्रश्न तसाच राहिला होता. रात्री गाडीत त्याच्या शेजारी बसलो तेव्हा म्हटलं, "बेटावरच्यांचं मला ठाऊक नाही रे. पण काठावरच्या माणसाला काय वाटतं ते आज कळलं." तो काही बोलला नाही. गाडी मिआओत शिरली तेव्हा मी पुन्हा एकदा डोकी मोजली. बावीस.