करवंद : रानातील जाळीपासून परसबागेत लागवड

कण्हेरीच्या कुळातील (अपोसायनेसी) काटेरी, सदाहरित झुडूप. शास्त्रीय नाव कॅरिसा कॅरंडस. सह्याद्रीच्या उतारांवर भोर, मुळशी, जुन्नर भागात करवंदीच्या जाळ्या आपोआप वाढतात आणि एप्रिल-मेमध्ये त्यांची काळी फळे पानांच्या द्रोणांतून एसटी थांब्यांवर विकायला येतात. पर्जन्यछायेतील भिगवण, इंदापूर, बारामतीच्या माळरानावर हे झुडूप मुख्यतः लावून वाढवावे लागते. मुरमाड, चुनखडीयुक्त जमीन आणि पाण्याचा ताण त्याला सोसतो. मुळाशी साचलेले पाणी मात्र सोसत नाही. म्हणून उजनी धरणाच्या फुगवट्यालगतच्या काळ्या जमिनीत ते उंचवट्यावर लावावे.

रानातले झुडूप उपटून आणणे निरर्थक आहे. त्याचे सोटमूळ खडकात खोल गेलेले असते, ते तुटले की झुडूप सहसा जगत नाही. शिवाय वनजमिनीतून झाडे काढणे कायद्याविरुद्ध आहे. खरे काम मातृझुडूप निवडण्याचे, आणि ते फळांच्या हंगामातच होऊ शकते. एकाच उतारावरच्या दोन जाळ्यांच्या फळांत आकार, गोडी आणि गराचा रंग वेगळा असतो. लाल गर निघाला तर कोंबडा, पांढरा निघाला तर कोंबडी, हा मुलांचा खेळ याच फरकावर चालतो. फळे चाखून चांगल्या जाळीला खूण करून ठेवावी.

सर्वांत सोपी पद्धत बियांची. पूर्ण पिकलेल्या फळातील चपट्या बिया गर धुऊन काढतात, सावलीत सुकवतात आणि लगेच पिशव्यांत पेरतात. साठवलेल्या बियांची उगवणशक्ती झपाट्याने कमी होते. पुढच्या वर्षासाठी ठेवलेले बी बहुधा वाया जाते. बियांपासूनच्या रोपांत मातृझुडपाचे गुण जसेच्या तसे उतरत नाहीत. कुंपणासाठी त्याने बिघडत नाही, खाण्याच्या फळांसाठी बिघडते.

फळाचा गुण टिकवायचा तर गुटी कलम करावे. पावसाळ्यात पेन्सिलीएवढ्या जाड फांदीवरील सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद साल गोलाकार काढतात. लगेच पांढरा चीक वाहू लागतो. तो पुसून काप सुकू द्यावा, मग मुळे फुटवणारे संजीवक लावून कापाभोवती ओले शेवाळ प्लास्टिकच्या कागदात घट्ट बांधावे. कागदातून मुळे दिसू लागली की फांदी खालून कापून पिशवीत लावतात आणि सावलीत सांभाळतात. साध्या फाटे कलमाला मुळे कष्टाने फुटतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण बोल्ड’ ही निवड जात मोठ्या फळांसाठी ओळखली जाते.

भिगवण परिसरात वर्षाला सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरचा असतो. त्यामुळे लावलेल्या रोपांना जूननंतरच्या उघडिपीत हाताने पाणी द्यावे लागते. पहिली दोन वर्षे उन्हाळ्यातही पाण्यात खंड पडू देऊ नये. कुंपणासाठी रोपांत एक मीटर अंतर पुरते, फळांसाठी दोन मीटर ठेवावे. बियांच्या रोपांना साधारण तिसऱ्या वर्षापासून फळे धरतात. कच्ची फळे लोणच्याला, पिकलेली खायला आणि सरबताला वापरतात. छाटणी फळे उतरल्यावर लगेच करावी.