चार हजार फुटांवरची खात्री

पावसाळ्यात औंढ्यातून विमानं दिसत नाहीत, नुसती ऐकू येतात. जूनमध्ये ढग खाली उतरले की लोहगड-विसापूर दोन-दोन आठवडे गायब होतात. रात्री घरघर आली की मी मोबाइलवर ॲप उघडून बघतो: कुठून आलं, किती उंचीवर आहे. बहुतेक विमानं मुंबईला उतरायच्या तयारीत असतात. त्यातला उंचीचा आकडा बघायची सवय मला एका जुन्या अपघातामुळे लागली.

तो अपघात आपल्याच पुणे जिल्ह्यातला, जुन्नरच्या डोंगरातला. ७ जुलै १९६२, मध्यरात्र उलटून दहाएक मिनिटं झाली होती. अलितालिया या इटालियन कंपनीचं डीसी-८ जेट सिडनीहून रोमला निघालं होतं. बँकॉक सोडल्यावर पुढचा थांबा मुंबई. विमानात ९४ माणसं होती. मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ किलोमीटरवर, दवंड्याची नावाच्या डोंगराला ते धडकलं. एकही माणूस वाचला नाही.

विमान जवळजवळ नवं होतं. चौकशीत बोट ठेवलं गेलं ते यंत्राच्या बिघाडावर नाही, तर एका समजुतीवर. वैमानिकाला वाटलं होतं की मुंबई जवळ आली आहे. ती अजून लांब होती.

हा हिशेब आपल्या भागातल्या माणसाला पटकन कळतो. विमान ३५ हजार फुटांवरून आधी २० हजारांवर आणि मग ४ हजार फुटांपर्यंत उतरणार होतं. त्यासाठी मुंबईकडून परवानगी होती. आता आपले डोंगर बघा. विसापूर साधारण साडेतीन हजार फूट. हरिश्चंद्रगड साडेचार हजारांच्या वर. कळसूबाई ५,४०० फूट. म्हणजे ४ हजार फूट ही उंची पनवेल-कल्याणवर निवांत आहे आणि घाटमाथ्यावर जीवघेणी. दवंड्याचीचा डोंगर जवळजवळ विसापूरएवढाच, ३,६०० फुटांच्या आसपासचा. घाटाच्या कडेपासून कोकणात उतरायला आपल्याला गाडीने अर्धा-पाऊण तास लागतो, जेट ते अंतर दोन-तीन मिनिटांत कापतं. त्या रात्री एवढीच मिनिटं चुकली. त्यात रात्र, त्यात जुलै.

भारतीय चौकशीचा निष्कर्ष असा: मार्ग आणि स्थान ठरवण्यात चूक झाली, त्यामुळे वैमानिकाने वेळेआधीच उतरायला सुरुवात केली. त्याला जोडून आणखी तीन कारणं दिली आहेत. आपण नेमके कुठे आहोत हे तपासायला जी रेडिओ साधनं उपलब्ध होती, ती वापरली नाहीत. ठरवून दिलेली किमान सुरक्षित उंची पाळली नाही. आणि या वाटेवरच्या भूभागाची वैमानिकाला ओळख नव्हती.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला रागच आला होता. साधनं होती, मग बघितली का नाहीत? एवढा अनुभवी माणूस, इतके जीव हाती, आणि साधी खातरजमा करत नाही?

मग गेल्या वर्षीचा जुलै आला.

माझा मामेभाऊ त्याच्या कॉलेजच्या चार मित्रांना घेऊन आला होता. मी त्यांना विसापूरला नेलं. गड माझ्या पायाखालचा, लहानपणापासूनचा. माथ्यावर पोहोचलो आणि ढग उतरले. दहा पावलांवरचं दिसेना. मी म्हणालो, "चला, पाच मिनिटांत उतरायची वाट लागेल." पाचाची पंधरा मिनिटं झाली. मध्येच लोकलचा भोंगा ऐकू आला. मळवलीची लाइन गडाच्या उत्तरेला. आवाज डावीकडून यायला हवा होता, तो उजवीकडून आला. मी स्वतःची समजूत घातली की धुक्यात आवाज फिरतो. खिशात मोबाइल होता, त्यात नकाशा होता. काढला नाही. काढायची गरजच वाटली नाही, कारण मला माहीत होतं मी कुठे आहे.

मामेभाऊ खाली बसला. म्हणाला, "दादा, तू आधी बघ. मी नाही येत." मी चिडलो. पोरांसमोर असं बोलतो म्हणून जास्तच चिडलो. तेवढ्यात वाऱ्याने ढग जरासा फाटला. सातआठ पावलांपुढे गवत संपत होतं. त्यापुढे काही नव्हतं.

त्या दिवसापासून मला तो अहवाल वेगळा दिसतो. साधन हाताशी असणं आणि ते वापरावंसं वाटणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याला शंका येते तो नकाशा काढतो. ज्याला खात्री असते तो कशाला काढेल? वैमानिकाची चूक होती, हे खरंच आहे. पण "चूक" म्हणून फाइल मिटवली तर पुढच्या माणसाला काहीच मिळत नाही, कारण तोही स्वतःला चुकणारा समजत नसतो.

शिवाय "परवानगी" या शब्दात एक फसवणूक आहे. रडारवरून मार्गदर्शन चालू नसेल, तर नियंत्रकाने दिलेल्या उंचीचा अर्थ मुख्यतः एवढाच, की तिथे दुसरं विमान आडवं येणार नाही. डोंगर आडवा येणार नाही हे बघणं वैमानिकाचं काम. ऐकणाऱ्याला मात्र ते "या, वाट मोकळी आहे" असं वाटू शकतं. १ डिसेंबर १९७४ रोजी अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ टीडब्ल्यूएचं बोइंग ७२७ याच घोळात डोंगराला धडकलं आणि ९२ माणसं गेली. त्यानंतर तिथे प्रवासी जेट विमानांत जमीन जवळ आल्याचा इशारा देणारं यंत्र सक्तीचं झालं.

ते यंत्र घडवण्यात डॉन बेटमन या अभियंत्याचा वाटा मोठा. सुरुवातीचं यंत्र फक्त खाली बघायचं, समोरचा उभा कडा त्याला उशिरा कळायचा. नव्वदच्या दशकात त्याला उपग्रहावरून मिळणारं स्थान आणि जगभरच्या डोंगरदऱ्यांचा नकाशा जोडला गेला. आता विमान डोंगराच्या दिशेने जाऊ लागलं की ते आधीच ओरडतं: वर घ्या. वैमानिकाला शंका येण्याची वाट ते बघत नाही. माझा मामेभाऊ खाली बसला, तेच काम.

आपल्याकडे जुन्नरनंतरही हे घडलं. ४ ऑगस्ट १९७९ रोजी पुण्याहून मुंबईला निघालेलं इंडियन एअरलाइन्सचं ॲव्हरो विमान पनवेलजवळच्या डोंगराला धडकलं, ४५ माणसं गेली. पुणे-मुंबई, म्हणजे आपल्याच डोक्यावरची वाट. पुन्हा पावसाळा, पुन्हा सह्याद्री.

काल रात्री पाऊस थांबला होता, ढग होतेच. घरघर आली, मी ॲप उघडलं. विमान खूप वर होतं, कळसूबाईच्या दुपटीहून वर. मामेभावाला स्क्रीनशॉट पाठवला. त्याचा लगेच मेसेज आला: "दादा, यंदा विसापूरला जायचं का?"

मी लिहिलं, जाऊ. नकाशा तुझ्या हातात. आणि तू थांब म्हणालास की मी थांबणार.