काकांचा प्रश्न

बरेच दिवस इथे फिरकलो नव्हतो. मध्यंतरी संग्रामपूरला जाऊन आलो. मोठ्या काकांचं डायलिसिस सुरू झालंय, आठवड्यातून दोनदा अकोल्याची वारी. नात्यातली जी मंडळी हे वाचतात त्यांना ठाऊक आहेच.

ओसरीवर बसून मी भांडेवाडीची गोष्ट सांगत होतो. नागपूरचं सांडपाणी तिथे शुद्ध होतं आणि कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढंच पेंचचं गोडं पाणी वाचतं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "संडासाचं पानी साफ होते, तं आपल्या हिरीचं काहून नाई होत रे?"

इंजिनियर पुतण्याची दांडी गुल! घरी परतल्यावर जुनी पुस्तकं काढून बसलो.

आपल्याकडची ही कथा बरीच जुनी निघाली. १८९० साली मुंबईत माटुंग्याला कुष्ठरोग्यांसाठी आश्रम उघडला, तोच पुढे ॲक्वर्थ नावाने ओळखला गेला. तिथल्या मैल्याच्या टाकीवर १८९७ मध्ये वायू गोळा करायची सोय केली गेली आणि पुढे त्यावर इंजिनही चाललं. ज्यांना शहराने दूर ठेवलं त्यांच्या मैल्यापासून शहर शिकलं. असो.

पण आजच्या बहुतेक केंद्रांची खरी आजी म्हणजे मँचेस्टरच्या प्रयोगशाळेतली एक बाटली. आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी बाटलीत सांडपाणी भरलं आणि त्यात हवा सोडत राहिले. पाणी पुरतं शुद्ध व्हायला पाच आठवडे लागले. इथवर नवीन काही नाही. गंमत पुढे आहे. तळाशी बसलेला तपकिरी गाळ त्यांनी फेकला नाही. वरचं नितळ पाणी काढून घेतलं आणि त्याच गाळावर नवं सांडपाणी ओतलं. पुन्हा हवा, पुन्हा तेच. दर खेपेला वेळ कमी होत गेला, शेवटी काही तासांवर आला. गाळात जिवाणूंची वसाहत तयार झाली होती! आपण विरजण राखून ठेवतो, त्यातलाच प्रकार. ३ एप्रिल १९१४ ला त्यांनी हा निबंध वाचला. त्यांना या वाटेवर आणणारे गिल्बर्ट फाउलर पुढे बंगळूरच्या विज्ञान संस्थेत प्राध्यापक म्हणून आले.

अशा केंद्रात आजही तेच चालतं. जाळीवर चिंध्या-प्लास्टिक अडतं, मग वाळू बसते, मग हवेच्या टाकीत जिवाणू मैला खातात. पुढच्या टाकीत गाळ खाली बसतो. त्यातला काही विरजणासारखा परत पाठवायचा, उरलेला बाहेर काढायचा. नागपूरला तर या विषयाची संस्थाच आहे, १९५८ साली निघालेली, १९७४ पासून 'नीरी' नावाने ओळखली जाणारी.

आणि इथेच काकांचं उत्तर होतं. जिवाणू मैला खातात, मीठ खात नाहीत. सांडपाण्यात विरघळलेलं मीठ केंद्राच्या एका टोकाने शिरतं आणि जवळपास तितकंच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतं. आपला तर अख्खा पूर्णेचा खारपाणपट्टा, अमरावती-अकोल्यापासून बुलढाण्यापर्यंत. विहिरीत मैला नाही, क्षारच आहेत. त्यांना अडवायला पडदा लागतो. आरओ म्हणजे दाब देऊन पाणी पडद्यातून ढकलणं. काकांचं रक्त ज्या यंत्रातून फिरतं त्यातही पडदाच असतो, फक्त तिथे दाबाने पाणी गाळण्यापेक्षा रक्तातली घाण पडद्यापार पाझरू देतात.

हे सगळं फोनवर सांगितलं. काका म्हणाले, "म्हंजे गू परवडला, मीठ नाई!" आणि खूप दिवसांनी हसले.

मग थोडं थांबून म्हणाले, "चौकातल्या आरओवरून आपन कॅन आनतो ना. त्याच्या मांगून पाईपातून दिवसभर पानी वायते. ते कोनतं?"

तेच, म्हटलं. अडवलेल्या मिठाचं.

"ते तं नाल्यात जाते बाप्पा. अन् नाला आपल्या हिरीपासून."