परसबागेतील फळमाशी नियंत्रण

परसातील आंबा, पेरू, चिकू यांसारखी फळे आणि कारले, दोडका, काकडी, दुधी भोपळा यांसारख्या वेलभाज्या आतून सडविणाऱ्या माश्यांना फळमाश्या म्हणतात. द्विपंख गणातील टेफ्रिटिडी कुलात त्यांचा समावेश होतो. पिकलेल्या केळ्यांभोवती घोंगावणारी स्वयंपाकघरातील चिलटे या कुलातील नव्हेत. भारतात फळांवर मुख्यतः बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस व बॅ. झोनाटा या जाती, तर वेलभाज्यांवर झ्यूगोडॅकस क्युकर्बिटी ही जाती आढळते.

मादी अणकुचीदार अंडनिक्षेपकाने फळाची साल भेदून आत अंडी घालते. अंड्यांतून एक ते तीन दिवसांत अळ्या बाहेर पडतात व गर खातात. फळ सडून गळते. पूर्ण वाढलेल्या अळ्या फळातून बाहेर पडून जमिनीत काही सेंमी. खोलीवर कोषावस्थेत जातात आणि कोषातून नवी माशी वर येते. म्हणजे हिची अंडी व अळ्या फळात आणि कोष मातीत सुरक्षित असतात. वरून फवारलेले औषध त्यांच्यापर्यंत क्वचितच पोहोचते. फळमाशी नियंत्रणाचा इतिहास हा मुख्यत्वे या अडचणीवर मात करण्याच्या प्रयत्नांचा इतिहास आहे.

विषारी आमिषे : अंडी परिपक्व होण्यापूर्वी मादीला काही दिवस अन्नाची, विशेषतः साखर व प्रथिने यांची, गरज असते. या दुबळ्या दुव्याचा उपयोग प्रथम करण्यात आला. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात दक्षिण आफ्रिकेत सी. डब्ल्यू. मॅली यांनी गोड द्रवात आर्सेनिकयुक्त विष मिसळून ते झाडांवर शिंपडण्याचे प्रयोग केले. एप्रिल १९२९ मध्ये अमेरिकेतील फ्लॉरिडा राज्यात भूमध्य सागरी फळमाशी (सेरॅटिटिस कॅपिटाटा) आढळली, तेव्हा साखर, काकवी व लेड आर्सेनेट यांचे आमिष मोठ्या प्रमाणावर वापरण्यात आले. त्याबरोबर बागांतील व घरांच्या आवारांतीलही फळे तोडून नष्ट करण्यात आली. १९३० मध्ये माशीचे उच्चाटन झाले; पण अनेक कुटुंबांना आपल्या दारची फळे गमवावी लागली. १९५० नंतर साखरेऐवजी प्रथिनांचे अपघटित द्रावण आणि आर्सेनिकाऐवजी मॅलॅथिऑन आले. अलीकडे मृदेतील सूक्ष्मजंतूंपासून मिळणारे स्पिनोसॅड वापरले जाते. आमिष संपूर्ण झाडावर न फवारता पानांवर ठिकठिकाणी ठिपक्यांच्या रूपात देणे पुरेसे होते.

पुसा येथील शोध : या विषयातील एक मूलभूत शोध भारतात लागला. बिहारमधील पुसा येथील कृषी संशोधन संस्थेत काम करणारे कीटकवैज्ञानिक एफ्. एम्. हॉउलेट यांच्या शेजाऱ्याने डास दूर ठेवण्यासाठी रुमालावर गवती तेल (सिट्रोनेला तेल) घेतले असता त्यावर फळमाश्यांची गर्दी झाली. हॉउलेट यांनी या घटनेचा पाठपुरावा केला. येणाऱ्या माश्या केवळ नर असतात हे त्यांना आढळले. याविषयीचा त्यांचा निबंध १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे १९१५ मध्ये त्यांनी मिथिल यूजेनॉल या घटकाचे आकर्षण दाखवून दिले. हे संयुग तुळशीच्या काही प्रकारांतही असते. केरळमध्ये करवंटीत तुळशीची कुटलेली पाने व विष ठेवून सापळा करण्याची पद्धत आहे, तिचा आधार हाच होय. नर हे संयुग खाऊन त्यापासून मादीला आकृष्ट करणारा गंध तयार करतात, हे मात्र बऱ्याच नंतर समजले.

नर-निर्मूलन व वंध्य कीटक : हवाई बेटांत १९४५ च्या सुमारास बॅ. डॉर्सॅलिसचा शिरकाव झाला. तेथे एल्. एफ्. स्टाइनर यांनी हॉउलेट यांच्या शोधाला व्यावहारिक रूप दिले. पॅसिफिक महासागरातील सु. ८५ चौ. किमी. क्षेत्रफळाच्या रोटा बेटावर मिथिल यूजेनॉल व कीटकनाशक शोषलेले तुकडे विमानातून टाकून नरांचा नाश करण्यात आला. माद्यांना जोडीदार न उरल्याने १९६० नंतरच्या काही वर्षांतच ती जाती तेथून नाहीशी झाली. वेलभाज्यांवरील माशीला मिथिल यूजेनॉल आकर्षित करीत नाही. तिच्यासाठी क्यू ल्युर हे वेगळे प्रलोभक शोधून काढण्यात आले. जपानने ओकिनावा बेटांत या माशीविरुद्ध वंध्य नर सोडण्याची पद्धत वापरली. १९७८ मध्ये कुमे बेट व १९९३ मध्ये संपूर्ण ओकिनावा प्रांत माशीमुक्त झाला. त्यासाठी अब्जावधी वंध्य माश्या सोडाव्या लागल्या. त्यानंतरच तेथील कारली जपानच्या मुख्य भूमीवर निर्बंधाशिवाय पाठविता येऊ लागली.

एका परसाची मर्यादा : ही यशे बहुतांशी समुद्राने वेढलेल्या बेटांवर व सर्व जमिनीवर एकाच वेळी उपाय योजल्याने मिळाली. परसबागेत टांगलेला एकच सापळा शेकडो नर पकडतो. पण उरलेला एक नर अनेक माद्यांशी संयोग करू शकतो आणि शेजारच्या आवारातून आधीच फलित झालेल्या माद्या येतच राहतात. म्हणून भरलेला सापळा हा माशीचा उपद्रव सुरू झाल्याची सूचना देतो. पीक वाचल्याची खात्री देत नाही. उलट, दुर्लक्षित परस हे सबंध परिसराला धोक्याचे ठरते. १९८० मध्ये कॅलिफोर्नियात भूमध्य सागरी फळमाशी आढळली ती प्रथम शहरी वस्तीत. पुढील वर्षी रहिवाशांना आवारातील झाडांची फळे उतरविण्यास सांगण्यात आले आणि अखेर लोकवस्तीवर हेलिकॉप्टरमधून मॅलॅथिऑनमिश्रित आमिष फवारावे लागले. त्यावरून मोठा लोकक्षोभ झाला.

कोकणातही हा संबंध स्पष्ट दिसतो. आंब्याचा हंगाम संपला, तरी परसातील पेरूसारख्या फळांवर माशीची पैदास चालू राहते. जपानने १९८६ मध्ये फळमाशीच्या कारणावरून भारतीय आंब्यावर घातलेली बंदी बाष्प-उष्णता प्रक्रियेच्या अटीवर २००६ मध्ये उठली. यूरोपीय संघानेही १ मे २०१४ पासून आंबा, वांगी, अळू, कारली व पडवळ यांची भारतातून होणारी आयात तात्पुरती थांबविली होती. आंब्यावरील बंदी २०१५ च्या आरंभी उठविण्यात आली.

घरगुती उपाय : गळलेली व डंख झालेली फळे रोज, निदान दोन दिवसांआड, वेचणे हा सर्वांत जुना आणि अजूनही पायाभूत उपाय आहे. ती उकिरड्यावर टाकल्यास अळ्या मातीत शिरून कोषात जातात. त्यामुळे ती सु. ६० सेंमी. खोल पुरावीत किंवा जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत तोंड बांधून काही दिवस उन्हात ठेवावीत. हवाईमध्ये अशी फळे बारीक जाळीच्या तंबूत ठेवतात. जाळीतून माशी बाहेर पडू शकत नाही, परंतु तिच्या अळीवर वाढणारी लहान परजीवी गांधीलमाशी पडू शकते. फळे पिकू लागण्यापूर्वीच त्यांना कागदी पिशव्या बांधल्यास मादी सालीपर्यंत पोहोचत नाही. थोडी झाडे असलेल्या परसात हा उपाय सोपा व विषरहित आहे. झाडाखालची माती वरचेवर हलविल्यास कोष उघडे पडून पक्षी व मुंग्या ते खातात. फळे पक्व होताच उतरवून घ्यावीत.

सापळ्यांसाठी दापोली येथील डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने ‘रक्षक’ सापळा विकसित केला आहे. फळझाडांसाठी मिथिल यूजेनॉल व वेलभाज्यांसाठी क्यू ल्युर असा भेद सापळा लावताना पाळावा लागतो. आळीतील सर्व घरांनी एकाच वेळी सापळे लावून गळफळे वेचली, तरच त्यांचा खरा उपयोग होतो. एकाच घराने सर्व उपाय करूनही शेजारच्या पेरूखाली फळे सडत राहिली, तर माशीचे चक्र तुटत नाही.